खाल्लेले अंगी का लागत नाही

कुपोषणाचा हिशेब आपण ताटापासून सुरू करतो आणि वजनकाट्यावर संपवतो. घरात डाळ किती शिजते, मुलाला अंडे-दूध मिळते का, अंगणवाडीच्या आहारात उष्मांक किती आणि प्रथिने किती, याची मोजदाद होते. मग महिनाअखेर मुलाला काट्यावर ठेवले की वहीत एक आकडा पडतो. ताट आणि काटा यांच्या मध्ये सुमारे सहा मीटर लांबीचे लहान आतडे आहे, ते मात्र या हिशेबात कुठेच धरलेले नसते. खाल्लेले अंगी लागत नाही, ही घरोघरच्या आयांची जुनी तक्रार. आणि बहुतेक वेळा ‘आणखी खायला घाला’ एवढ्या सल्ल्यावर तिची बोळवण झालेली आहे. या प्रकरणात मला मांडायचे आहे ते असे: भरल्या ताटासमोर बसलेला माणूसही उपाशी पडू शकतो, आणि त्याला उपाशी पाडणारे कारण त्याच्या ताटापेक्षा त्याच्या पाण्यात, मातीत आणि हातांवर शोधावे लागते. या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा उष्ण कटिबंधातल्या एका जुन्या आजाराने दिला आहे. डॉक्टर त्याला ‘ट्रॉपिकल स्प्रू’ म्हणतात. आपल्याकडे संग्रहणी या नावाखाली जी अनेक दुखणी मोडतात त्यांतले हे एक.

आजाराची सुरुवात साध्या जुलाबांसारखी होते. पाण्यासारखे जुलाब, थोडा ताप, अंग मोडून येणे. चार दिवसांत बरे वाटेल असे सगळ्यांनाच वाटते. पण जुलाब थांबत नाहीत, त्यांचे रूप तेवढे बदलते. शौच भरपूर, फिकट, फेसाळ, तेलकट होते, त्याला असह्य वास येतो आणि पाणी टाकले तरी ते भांड्याला चिकटून राहते, कारण जेवणातली चरबी न शोषताच बाहेर पडू लागलेली असते. पोट फुगते, गुरगुरते. दूध प्यायले की त्रास वाढतो, कारण दुधातली साखर फोडणारे विकर आतड्याच्या अस्तराच्या टोकाशी असते आणि तेच आधी नाहीसे होते. मग अन्नावरची वासना जाते. दोन-चार महिन्यांत तोंड येते, जीभ लालभडक, गुळगुळीत होते आणि नुसत्या आमटीनेही आग होते. पुढे चेहरा पांढराफटक पडतो, पायांवर सूज येते, वजन झरझर उतरते. हा क्रम योगायोगाने पडलेला नाही. यकृतात फोलिक आम्लाचा साठा साधारण तीन-चार महिन्यांपुरताच असतो. अमेरिकी डॉक्टर व्हिक्टर हर्बर्ट यांनी 1961 साली तीनतीनदा उकळून फोलिक आम्ल काढून टाकलेले अन्न स्वतः खाल्ले, तेव्हा साडेचार महिन्यांत त्यांच्या अस्थिमज्जेत रक्तक्षयाची खूण दिसली. स्प्रूचा रोगी भाजी-डाळ खातो, तरी त्याचा साठा जवळपास त्याच गतीने आटतो. ब-12 जीवनसत्त्वाचा साठा कित्येक वर्षे पुरेल एवढा असतो. तोही या आजारात पुढे रिकामा होत जातो, आणि मग हातापायांना मुंग्या येऊ लागतात.

हे सगळे ज्या जागी घडते ती जागा जवळून पाहण्यासारखी आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे, बोटांसारखे असंख्य अंकुर असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. त्यांच्यामुळे आतड्याचा शोषणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. अंकुरांच्या मधल्या खळग्यांत नव्या पेशी जन्मतात, अंकुराच्या अंगाने वर चढत टोकाशी पोचतात आणि तीन ते पाच दिवसांत गळून पडतात. शरीरात इतक्या वेगाने नवे होणारे अवयव फार थोडे. म्हणूनच इथे दुखापत लवकर होते आणि फोलिक आम्लाची टंचाई लवकर जाणवते, कारण पेशी दुभंगायला ते लागतेच. स्प्रूच्या रोग्याच्या अस्तराचा मोहरीएवढा तुकडा काढून भिंगाखाली धरला तर बोटे दिसत नाहीत; आखूड, रुंद पाने दिसतात, काही ठिकाणी पाने एकमेकांना चिकटून नागमोडी वरंबे झालेले असतात. खळगे मात्र खोल गेलेले असतात: पेशी झडण्याचा वेग वाढला म्हणून कारखाना जास्त पाळ्यांत चालवावा लागतो आहे. शोषण किती घटले हे मोजायलाही एक सोपी चाचणी आहे. झायलोज नावाची साखर ठरलेल्या मापाने प्यायला देतात आणि पुढच्या पाच तासांच्या लघवीत ती किती उतरली ते पाहतात. ही साखर पचवावी लागत नाही, नुसती शोषावी लागते. ती लघवीत कमी उतरली, तर दोष आतड्याच्या भिंतीत आहे.

आता रोगी कोण होते ते पाहू, कारण माझ्या म्हणण्याची पहिली साक्ष तीच आहे. विल्यम हिलरी या डॉक्टरने 1759 साली बार्बाडोस बेटावरच्या रोगांविषयी लिहिताना तोंडातले व्रण, न थांबणारे जुलाब आणि झिजत जाणारे शरीर यांचे एकत्र वर्णन केले. पॅट्रिक मॅन्सन यांनी 1880 च्या सुमारास चीनच्या अमॉय बंदरातून हेच चित्र नोंदवले. त्याच काळात जावा बेटावरच्या डच डॉक्टरांनीही ते नोंदवले. (आपल्या चरकसंहितेत ग्रहणीचे प्रकरण याहून कितीतरी जुने आहे, पण त्यात आजच्या निदानाने वेगवेगळे ठरणारे अनेक आजार एकत्र आहेत, म्हणून त्यावर इथे भर देत नाही.) मॅन्सनचे रोगी युरोपीय व्यापारी आणि नोकरदार होते, जावामधले डच वसाहतवाले होते. त्यांच्या घरी मांस, अंडी, लोणी, फळे यांची ददात नव्हती. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर शिधा मोजून मिळणाऱ्या सैनिकांत स्प्रूच्या साथी आल्या; 1946 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये भारतातल्या 600 रोग्यांचा आढावा छापून आला. पोर्तो रिकोत राहणारी अमेरिकी लष्करी माणसे आणि त्यांची कुटुंबे आजारी पडली. 1970 च्या दशकात ब्रिटनहून खुष्कीच्या मार्गाने भारताकडे आलेले तरुण हाच आजार घेऊन लंडनच्या रुग्णालयांत परतले. या सगळ्यांचे ताट भरलेले होते. त्यांनी बदलला होता तो मुक्काम, आणि मुक्कामाबरोबर पाणी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप फोलिक आम्लाचा आहे, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईत गुंतलेला आहे. डॉक्टर आणि संशोधक लूसी विल्स 1928 साली मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय आढळत होता. हाफकिन संस्थेत राहून त्याचा शोध घ्यायचा होता. जंतूंचा संशय त्यांनी तपासून बाजूला सारला आणि आहाराकडे वळल्या. मार्माइट म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क. तो दिल्यावर आधी प्रयोगशाळेतले माकड आणि मग त्या बायका झपाट्याने सुधारल्या. 1931 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. मार्माइटमधला तो अनाम घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलिक आम्ल. 1941 साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि 1945 च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते कृत्रिमरीत्या बनवले. सुब्बारावांचे दोन भाऊ स्प्रूने गेले होते आणि त्यांना स्वतःलाही त्याने गाठले होते. लगोलग डॉक्टर टॉम स्पाइस यांनी कॅरिबियन बेटांवरच्या स्प्रूच्या रोग्यांना ते देऊन पाहिले, आणि निकाल थक्क करणारा होता: काही दिवसांत जीभ शमली, भूक परतली, रक्त भरू लागले. मग साहजिकच प्रश्न येतो. एका जीवनसत्त्वाने जो आजार हटतो तो त्या जीवनसत्त्वाच्या अभावाचाच आजार नव्हे काय? आणि तसे असेल तर अखेर ताटावरच बोट ठेवायला नको काय?

आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. विल्स यांच्या गिरणीतल्या बायकांबाबत तो पूर्ण खरा होता. अपुरे जेवण आणि लागोपाठची बाळंतपणे यांनी त्यांचा साठा संपला होता. तो भरला की दुखणे संपत होते. स्प्रूच्या रोग्यांत मात्र फोलिक आम्लाने रक्त आणि जीभ सुधारली, तरी अनेकांचे शोषण पुरते सुधारले नाही. चरबी आणि ब-12 वाया जातच राहिली, आणि औषध थांबल्यावर कित्येकांचा आजार उलटला. त्यानंतर 1950 आणि 60 च्या दशकांत पोर्तो रिकोतल्या डॉक्टरांनी टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके महिनोन्महिने देऊन पाहिली, तेव्हा अंकुर पुन्हा उंचावले आणि शोषण सुधारले. जंतू मारणाऱ्या औषधाने आतडे सावरते, याचा अर्थ जंतूंचा हात त्यात आहे. मग फोलिक आम्लाचा गुण कसा येतो? इथे घटना चक्राकार घडतात. जंतूंच्या माऱ्याने अस्तर झिजते; झिजलेले अस्तर फोलिक आम्ल शोषत नाही; फोलिक आम्लाविना झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी वेळेत येत नाहीत, म्हणून अस्तर आणखी झिजते, आणि मंदावलेल्या आतड्यात जंतू अधिकच ठाण मांडतात. या चक्राचा कुठलाही एक दुवा तोडला तरी रोग्याला आराम पडतो. पण आराम कशाने पडला यावरून चक्र कुठून सुरू झाले हे ठरत नाही. सुरुवात कुठून होते ते निरोगी माणूस आजारी पडताना पाहिल्याशिवाय कळायचे नाही.

ती संधी, फार मोठी किंमत मोजून, तमिळनाडूत मिळाली. 1960 ते 62 या काळात वेल्लोरभोवतीच्या उत्तर अर्काट जिल्ह्यातल्या गावांत स्प्रूची साथ पसरली. सुमारे एक लाख माणसे आजारी पडली आणि तीस हजारांच्या आसपास दगावली असा अंदाज आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले सेल्विन बेकर, व्ही. आय. मथन आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले, घराघरांची नोंद ठेवली, जागेवर शोषणाच्या चाचण्या केल्या. साथ एका गावातून दुसऱ्या गावात सरकत होती. एका घरात एकाला जुलाब लागले की पुढे त्याच घरातली इतर माणसे आजारी पडत होती. जीवनसत्त्वाची टंचाई अशी एका उंबऱ्यावरून दुसऱ्या उंबऱ्यावर जात नाही. पोषणातला अभाव हे साथीचे मूळ कारण असल्याचा पुरावा या गटाला मिळाला नाही. अभाव आजारामागून येत होता. ज्याचे शरीर आधीच खंगलेले होते त्याला हा आजार लवकर नेत होता यात शंका नाही, आणि मृतांचा आकडा एवढा मोठा होण्यामागे गावांतले दारिद्र्य होतेच. पण माणूस आजारी पडतो कशाने आणि आजारी पडल्यावर मरतो कशाने, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. कुपोषणाच्या चर्चेत ते सतत एकमेकांत मिसळले जातात आणि तिथेच आपली फसगत होते.

मग तो जंतू कोणता? वैद्यकाला आजवर एकही असा जंतू सापडलेला नाही की ज्याच्यावर बोट ठेवून ‘हा स्प्रूचा जंतू’ म्हणता येईल. कॅरिबियन बेटांवर फ्रेडरिक क्लिपस्टीन यांना रोग्यांच्या लहान आतड्याच्या वरच्या भागात क्लेब्सिएला, ई. कोलाय, एंटरोबॅक्टर यांची वस्ती आढळली; एरवी या भागात जंतू फार थोडे असतात. हे सारे विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जाणारे जंतू. लंडनच्या डॉक्टरांना 1975 साली भारतातून परतलेल्या प्रवाशांच्या अस्तरालाही असेच जंतू चिकटलेले दिसले. पण वेल्लोरमध्ये धडधाकट माणसांच्या आतड्यातही जंतूंची गर्दी सापडली, म्हणून गर्दी म्हणजेच रोग असे सरळ समीकरण मांडता येत नाही. त्यातून एक आक्षेप निघतो: घाणीमुळेच हा आजार होत असेल तर तो घाण असेल तिथे सगळीकडे का नाही? पोर्तो रिको, हैती, क्यूबा या बेटांवर तो पसरला आणि शेजारच्या जमैकात जवळजवळ नाही. आफ्रिकेतूनही त्याच्या नोंदी तुरळकच येतात. याचे उत्तर पटकीकडे पाहिले की मिळते. हैतीतले पाणी पिढ्यान्‌पिढ्या दूषित होते, तरी 2010 पर्यंत शंभर वर्षे तिथे पटकीची नोंद नव्हती. त्या वर्षी बाहेरून जंतू आला आणि हजारो माणसे गेली. दूषित पाणी ही वाट आहे. वाटेवरून केव्हा, कोण येईल हे ठरलेले नसते. म्हणून वाट उघडी ठेवण्याचा दोष कमी होत नाही.

इथवरचा पुरावा आजारी माणसांचा झाला. खरी अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे, आणि ती निरोगी समजल्या जाणाऱ्या माणसांविषयी आहे. अमेरिकेच्या पीस कोअर संस्थेचे तरुण स्वयंसेवक 1960 च्या दशकात तेव्हाच्या पाकिस्तानात काम करायला आले. जॉन लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या आतड्याचे तुकडे तपासले, तेव्हा अनेकांचे अंकुर आखूड झालेले आणि शोषण मंदावलेले दिसले. मायदेशी परतल्यावर ते हळूहळू पूर्ववत झाले. उलट दिशेचाही अभ्यास झाला: न्यूयॉर्कला जाऊन राहिलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी माणसांचे आतडे तिथल्या वास्तव्यानंतर सुधारले, आणि 1971 साली ते प्रसिद्ध झाले. भारतीय आतडे जन्मतःच वेगळे असते असे कोणी म्हणेल, तर वेल्लोरच्या गटाने तेही पाहून ठेवले आहे. मृत जन्मलेल्या आणि नवजात बालकांच्या शवविच्छेदनात अंकुर अगदी पुस्तकातल्यासारखे बोटांच्या आकाराचे होते. वय वाढले तसे त्यांची पाने आणि वरंबे झाले. म्हणजे आपल्या मुलाला निसर्गाने चांगले आतडे दिलेले असते आणि ते आपल्या अंगणात बिघडते. जुलाब नाहीत, ताप नाही, डॉक्टरकडे न्यावे असे काही नाही. फक्त शोषण थोडे कमी आणि आतड्याची भिंत थोडी झिरपणारी. अशा मुलाचे शरीर भिंतीतून आत शिरणाऱ्या जंतूंच्या अंशांशी रोज झुंजत असते आणि वाढीसाठी लागणारी शक्ती त्या झुंजीत खर्चते. स्प्रू हे या व्यापक बिघाडाचे टोकाचे रूप असावे, असे मानायला जागा आहे.

याची किंमत केवळ उंची-वजनात मोजायची नाही. वेल्लोरच्याच टी. जेकब जॉन यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिले की पोलिओची तोंडावाटे द्यायची लस श्रीमंत देशांत जितक्या मुलांमध्ये लागू पडते तितक्या आपल्या मुलांमध्ये पडत नाही. लसही आतड्यातूनच आपले काम करते. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला. तिथवर पोचायला घरोघर जाऊन पुन्हा पुन्हा थेंब पाजावे लागले, याची जी कारणे आहेत त्यांत हे आतडेही आहे.

आता माझ्या बाजूला सर्वांत अडचणीचा असलेला पुरावा. पाणी आणि शौचालय यांनी आतडे सुधारते, तर ते प्रयोगात दिसायला हवे. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथे हजारो गरोदर बायकांची नोंद करून असे प्रयोग झाले. निकाल 2018 आणि 2019 मध्ये आले. पाण्यात टाकायचे क्लोरीन, सुधारलेला संडास, हात धुण्याची सोय एवढे दिलेल्या घरांतल्या मुलांची उंची इतरांपेक्षा वाढली नाही. पूरक आहार दिलेल्या मुलांची थोडी वाढली. ओडिशातल्या गावांत संडास असलेल्या घरांचे प्रमाण सरासरी 9 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर नेले, तरी जुलाब कमी झाले नाहीत. ‘मग ताटच बरे’ असा निष्कर्ष यावरून अनेकांनी काढला. मला तो घाईचा वाटतो. या प्रयोगांत काय दिले गेले ते नीट पाहावे. एका घराला संडास मिळाला, शेजारच्या सगळ्याच घरांना नाही. रांगते मूल अंगणात कोंबड्यांच्या विष्ठेत हात घालून तोच तोंडात घालत होते. क्लोरीन हंड्यात टाकले तर पडत होते. तोंडात जाणारी विष्ठा थोडी घटली आणि आतड्याला तेवढी घट जाणवली नाही. आपल्या गावांत ही गोष्ट रोज दिसते. नळाला दिवसाआड तासभर पाणी येते. मधल्या वेळात रिकाम्या जलवाहिनीत पोकळी होते आणि फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. मग ते पाणी दोन दिवस माठात साठते, आणि माठावर ओगराळे नसेल तर घरातले प्रत्येकजण हातातला पेला थेट आत बुडवतो. अशा ठिकाणी एकेका घराची सुधारणा किती पुरणार?

त्याच ओडिशात ग्रामविकास या संस्थेने वेगळी रीत ठेवली: गावातल्या प्रत्येक घराने संडास आणि न्हाणीघर बांधल्याशिवाय गावाच्या नळाला पाणी सोडायचे नाही. एकही घर सुटता कामा नये, आणि पाणी थेट घरात. जुळणी करून निवडलेल्या गावांशी या गावांची तुलना झाली तेव्हा तान्ह्या मुलांच्या उंचीत फरक दिसला, जुलाबांत मात्र दिसला नाही. हा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नाही, म्हणून त्याला शेवटचा शब्द मानू नये. पण आतड्याचा मूक बिघाड जुलाबांच्या मोजणीत सापडत नाही आणि अर्धवट सुधारणेने तो भरून येत नाही, या समजुतीशी तो निकाल जुळतो. पूरक आहाराने उंची वाढली हेही मी बाजूला ठेवत नाही. ती वाढ खरी आहे आणि भुकेल्या मुलाला आहार द्यायलाच हवा. पण मुले जितकी मागे पडलेली आहेत त्या मानाने ती फार तुटपुंजी होती.

स्प्रू आता उरलाच नाही, असेही ऐकू येते. वेल्लोरसारख्या साथी थांबल्या हे खरे. प्रतिजैविकांचा सर्रास वापर आणि थोडे सुधारलेले पाणी ही त्याची कारणे असावीत. शिवाय पूर्वी ज्यांना स्प्रू म्हटले गेले त्यांतले काही सिलिअॅकचे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतडे बिघडणाऱ्या आजाराचे रोगी असणार. सिलिअॅक ओळखणारी रक्ततपासणी तेव्हा नव्हतीच. पण ही तपासणी हाती आल्यावरही लखनौ आणि वेल्लोरच्या रुग्णालयांना प्रौढांतल्या अपशोषणाच्या प्रमुख कारणांत स्प्रू सापडतच आला आहे. आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि जिआर्डिया हा परजीवी हेही हेच सोंग घेतात, म्हणून निदान अंदाजाने करण्यासारखे नाही. तीन-चार आठवड्यांहून जास्त जुलाब, उतरणारे वजन आणि वरचेवर येणारे तोंड अशी तिन्ही लक्षणे असतील तर पोटविकारतज्ज्ञाकडे जा. तपासणीआधी मनानेच गहू सोडू नका. तसे केल्यास सिलिअॅकची तपासणी फसते. नुसत्या फोलिक आम्लाच्या गोळ्याही स्वतःहून चालू करू नका, कारण त्याने रक्त सुधारलेले दिसते आणि ब-12 च्या अभावाने नसांची हानी आतून चालूच राहते. स्प्रूच ठरला तर टेट्रासायक्लिन गटातले औषध, फोलिक आम्ल आणि ब-12 यांनी तीन ते सहा महिन्यांत बहुतेक रोगी बरे होतात. औषधे साधी आणि स्वस्त आहेत.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण 34.4 टक्के होते. मधल्या काळात घरपोच आहार चालू होता, आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना आली. त्या बंद कराव्यात असे कोणी म्हणू नये. माझे मागणे त्यांच्याशेजारी आणखी एका गोष्टीचे आहे. अंगणवाडीच्या वहीत मुलाच्या वजनाच्या रकान्याजवळ त्या वस्तीच्या पाण्याच्या तपासणीची तारीख आणि निकाल लिहिला जावा, आणि निकाल वाईट असेल तर मुलाच्या आईला जाब विचारण्याआधी पाणीपुरवठ्याला विचारला जावा. त्यासाठी नवे काही उभारावे लागणार नाही. गावपातळीवर पाणी तपासण्याचे संच जलजीवन मिशनमध्ये आहेत, आणि ते वापरायला प्रत्येक गावातल्या पाच महिलांना शिकवायचे असे त्या योजनेतच ठरलेले आहे.